शब्दचर्चा: 'रॅप्टर'ला मराठीत काय म्हणावं?

मागच्या रविवारी नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. मनोऱ्यावर शेजारी उभे असलेले एक पक्षीमित्र दुर्बीण न काढताच म्हणाले, "रॅप्टर आला!" पोरगी दचकली, माझा हात घट्ट धरला आणि खाली गवतात बघायला लागली. वर भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पाणगवतावरून तरंगत चालला होता. बदकांचा थवा फडफडून उठला, तेव्हा कुठे तिने मान वर केली. "पण मामा, रॅप्टरला पिसं कुठे असतात?"

निफाड येईपर्यंत हाच विषय. घरी येऊन शब्द खणला तो असा: रॅप्टर मूळ लॅटिन, अर्थ झडप घालून हिसकावून नेणारा. घार, गरुड, ससाणा, भोवत्या या सगळ्यांना पक्षी अभ्यासक मिळून रॅप्टर म्हणतात. मंगोलियात १९२३ साली सापडलेल्या एका छोट्या शिकारी डायनासोरला पुढच्या वर्षी ऑस्बर्न या अमेरिकी शास्त्रज्ञांनी नाव दिलं व्हेलोसिरॅप्टर, म्हणजे चपळ लुटारू. मग १९९३ साली 'ज्युरासिक पार्क' आला आणि रॅप्टर म्हटलं की माणसाएवढा उंच, गुळगुळीत कातडीचा प्राणी डोळ्यांपुढे यायला लागला.

खरा व्हेलोसिरॅप्टर कमरेशी जेमतेम अर्धा मीटर उंच, वजनाने टर्कीएवढा. लांबी दोनेक मीटर, पण त्यात शेपटीच फार. त्याच्या हाताच्या हाडावर पिसांची मुळं रुतल्याच्या गाठी २००७ साली दाखवून दिल्या गेल्या. म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर: होती, पिसं होती!

तर 'रॅप्टर'साठी मराठी शब्द सुचवा.

प्रतिसाद: डायनासोरला 'भीमसरट' म्हणतात ना? मग 'लघुभीमसरट'?

प्रतिसाद: आमच्याकडे जुनाट वस्तूला सर्रास 'ज्युरासिक काळातली' म्हणतात. हा प्राणी तरी ज्युरासिक काळातला होता का?

मूळ लेखक: दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही. ज्युरासिक हे नाव फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगरावरून आलं आणि तो काळ सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी संपला. व्हेलोसिरॅप्टर सव्वासात-साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा, ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळातला. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांचा काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेवढं अंतर धरलं तर हा प्राणी ज्युरासिकपेक्षा आपल्या कातळाला कितीतरी जवळचा.

'भीमसरट' मात्र मला मनापासून आवडतो. डायनासोर हा शब्द घडवताना इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली ग्रीक 'डायनोस' म्हणजे भयंकर आणि 'सॉरोस' म्हणजे सरडा, असे दोन शब्द जोडले. आपण भीम म्हटलं की ताकद आणि आकार बघतो, पण संस्कृतात भीमचा पहिला अर्थ भयंकर हाच, 'भी' म्हणजे भिणे या धातूवरून. इतकं चपखल भाषांतर क्वचित जमतं. अडचण ओवेनच्याच नावात आहे: डायनासोर सरडे नव्हते, आणि आजचे पक्षी त्यांच्याच वंशातले. भोवत्याच्या नातलगाला सरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. पडद्यावरच्या रॅप्टरचं माप घेतलं ते अमेरिकेतल्या डायनोनायकस या शिकारी डायनासोरवरून, १९६९ साली ऑस्ट्रॉम या शास्त्रज्ञांनी नाव दिलेल्या. तोही माणसाएवढा उंच नव्हताच. 'डायनोनायकस' म्हणजे भयंकर नखाचा. त्यातला ग्रीक 'ओनिक्स' आणि आपलं 'नख' एकाच मुळाचे शब्द! त्याला 'भीमनख' म्हटलं तर अर्थही राहतो आणि नातंही.

रॅप्टरसाठी माझ्या मनात 'झडप्या' आहे. घारीलाही चालतो, व्हेलोसिरॅप्टरलाही. भाचीने वहीत पिसांसकट चित्र काढून खाली तेच लिहिलंय. बागलाण, पेठ, सुरगाणा भागात शिकारी पक्ष्यांना मिळून एखादा शब्द आहे का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळवा, तो मिळाला तर माझा मी मागे घेतो.