४० मीटर एंड-फेड: एसडब्ल्यूआर खाली येत नाही, कोर तापतो

कोथरूड_गच्ची:
सोसायटीच्या गच्चीवर हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झ) एंड-फेड, म्हणजे एका टोकाला फीड दिलेली वायर अँटेना, लावली आहे. पीव्हीसी वायर २०.६ मीटर, टाकीवरच्या पाइपापासून समोरच्या खांबापर्यंत. अँटेनाचा मोठा इम्पीडन्स ५० ओहमवर आणणारा ४९:१ ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळलाय, प्रायमरीला २ आणि सेकंडरीला १४ वेढे. त्याचा कोर (ज्यावर वेढे घेतात ते कडं) बुधवार पेठेतून आणला, त्यावर खूण नाही. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं उपकरण) डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असलेली जागा, ६.८ मेगाहर्ट्झला, तिथेही एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) २.४. ७.१ ला ३.५. युबिटएक्स ट्रान्सीव्हरचे दहाच वॅट देतो, तरी मिनिटभरात कोर हाताला चटका देतो. वायर कापू का?

तांब्याची_तार:
कात्री बाजूला ठेवा, आधी ट्रान्सफॉर्मर बघू. दहा वॅटला एफटी १४०-४३ हा फेराइट कोर इतका तापत नाही, म्हणून संशय कोरवरच. त्यावर १० वेढे घेऊन एलसी मीटरने मोजा. ४३ मिक्स (फेराइटचा प्रकार) असेल तर ९० मायक्रोहेन्रीच्या आसपास येईल. दहाच्याही खाली आलं तर तो एसएमपीएसमधला (स्विचिंग पॉवर सप्लायमधला) आयर्न पावडर कोर. इथे त्याचा उपयोग नाही.

कोर बरोबर निघाला तर टेबलावर टेस्ट करा. अँटेनाच्या जागी २.२ के आणि २७० ओहम सिरीजमध्ये लावा, त्यांचे पाय अगदी आखूड. वायरवाउंड रेझिस्टर नको, त्याचं इंडक्टन्स रीडिंग बिघडवतं. ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.५ च्या आत हवा. २.२ च्या आसपास अडकला तर प्रायमरीचे वेढे पुन्हा मोजा: वायर भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजलं की हमखास दोनाचे तीन होतात आणि ४९:१ चं साधारण २२:१ होऊन बसतं.

प्रायमरीवरचा १०० पीएफ कपॅसिटर मुख्यतः वरच्या बँडसाठी असतो, ४० ला त्याने फारसा फरक पडत नाही. लावलात तर एक केव्हीचाच लावा.

पर्वती_क्यूआरपी:
मग लांबी. २०.६ × ६.८ ÷ ७.१ = १९.७ मीटर, म्हणजे साधारण ९० सेंटीमीटर जास्त आहे. तेवढी टोकाकडून मागे दुमडून मूळ वायरवर घट्ट गुंडाळा, माप घ्या, पटलं की मगच कापा. वायर स्लॅबला जवळ असेल तर आतल्या सळयांमुळे डिप खाली सरकतो, तेव्हा उंची आधी पक्की करा. पावसात वायर भिजली तरी थोडा सरकतो. त्यासाठी पुन्हा कापाकापी नको.

नॅनोव्हीएनएची रेंज ६ ते ८ ठेवून ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन कोॲक्स केबलच्या पलीकडच्या टोकाला करा. रेंज बदलली की पुन्हा करायचं.

कोथरूड_गच्ची:
कोर मोजला, १० वेढ्यांना ८ मायक्रोहेन्री! नवा मागवतो. कोॲक्सवरचा चोक (शील्डवरून परत येणारा करंट अडवणारा) कुठे लावायचा?

तांब्याची_तार:
ट्रान्सफॉर्मरला चिकटून नको. कोॲक्सची शील्डच इथे काउंटरपॉइजचं (अँटेनाच्या दुसऱ्या बाजूचं) काम करते, म्हणून साधारण २ मीटर कोॲक्स सोडून लावा. एफटी २४०-४३ वर आरजी-५८ चे १२ वेढे पुरतात. वायरच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोठं असतं. मुलांचा हात पोचेल अशी ती ठेवू नका.

पर्वती_क्यूआरपी:
लागली की ७.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ या डिजिटल मोडमध्ये सिग्नल पाठवा आणि पीएसके रिपोर्टर (सिग्नल कुठे कुठे ऐकू आला ते दाखवणारी साइट) बघा. तुलना करायची तर दुसरी अँटेना स्विचवर घ्या आणि काही मिनिटांच्या आत आलटून पालटून, त्याच त्याच स्टेशनांचे रिपोर्ट ताडून पाहा. काल रात्रीचे आकडे आजच्या शेजारी ठेवले तर त्यात अँटेनापेक्षा प्रोपगेशनच (त्या वेळी लहरी कशा पसरतात तेच) जास्त दिसतं. ७३ (शुभेच्छा)