खारफुटीतल्या बार्जचे फोटो काढतोय, पण फोटोत नुसतं भंगार दिसतंय

गंजलेला_नट:
नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, नोकरी पणजीला, त्यामुळे रोज नदी बघतच जाणं-येणं, कधी आमोण्याच्या पुलावरून तर कधी मये करून चोडणची फेरीबोट. मायनिंग बंद पडल्यापासून काठाला लावून ठेवलेल्या बार्जी (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) तुम्ही सगळ्यांनीच बघितल्या असतील. त्यातली एक आडबाजूच्या खाडीत पार खारफुटीत घुसलीय, एका अंगाला कललेली, पत्र्याला भोकं पडलीत आणि त्या भोकांतून फांद्या बाहेर आल्यात. (जागा मुद्दाम सांगत नाही, उद्या तिथे प्री-वेडिंगवाले पोचतील.) पहिल्यांदा बघितली तेव्हा अंगावर काटा आला. एवढं थोरलं लोखंड, आणि आवाज म्हणाल तर फक्त चिखलातले बुडबुडे फुटल्याचा.

तीनदा जाऊन आलो, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) आणि मित्राची एक वाईड लेन्स. घरी येऊन बघतो तर सगळं सपाट (फोटो जोडलेत). बायको म्हणाली, "हे भंगारवाल्याला पाठवायचेत का, रेट विचारायला?"

तर चूक लाईटची, लेन्सची का सीझनची? आणि अजून एक, खरं सांगतो, मध्ये येणारी एक फांदी मी मोडली आणि थर्माकोलचा तुकडा उचलून फ्रेमबाहेर टाकला. खोटं केल्यासारखं वाटतंय. तुम्ही लोक काय करता?

एफ_एट:
फोटो बघितले. एप्रिलात सकाळी अकराला कोण जातं रे बाबा. आकाश पांढरंफट्ट, पाण्यावर चमक. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे सगळं एकाच रंगाचं असतं, चिऱ्याची दरड तांबडी, रस्त्याची धूळ तांबडी, जेटीवर सांडलेलं ओर (लोहखनिज) तांबडं आणि तुझी बार्जही तांबडी, मग ती उठून दिसणार कशी. खारफुटी बारा महिने हिरवी हे खरं, पण एप्रिलात पानांवर मीठ आणि धूळ बसून तीपण राखाडी दिसते.

जुलैत जा. ढगाळ दिवस, पाऊस नुकता थांबलेला, तेव्हा गंज ओला होऊन गडद होतो आणि हिरवा असा काही सुटतो की बोलू नको. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लाव, ओल्या पानांवरची चमक जाईल, फक्त तो एक-दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा) म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० पर्यंत चढवायची लाज धरू नको. आकाश फ्रेममध्ये घेऊच नको. मित्राची वाईड मित्राला परत दे, जवळून वाईडने काढलं की बार्जचं नाक फुगतं आणि मागचं झाड काडी होतं. चार पावलं मागे सर, ३५ ते ५५ मध्ये राहा. मोबाईलवर काढत असशील तर एचडीआर बंद कर, नाहीतर गंज झेंडूसारखा येतो.

आणि अख्खी बार्ज दाखवायचा हट्ट सोड. लग्नातला ग्रुप फोटो होतो तो, सगळे आहेत पण कोणीच दिसत नाही. भोकातून आलेली फांदी हाच तुझा फोटो होता, आणि तूच ती मोडलीस! खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, ते वेगळंच. थर्माकोलचं म्हणशील तर उचललास ते बरं केलंस, पण फ्रेमबाहेर टाकलास म्हणजे काय, पिशवीत घालून आणायचा.

ट्रायपॉड चिखलात रुतत असेल तर तिन्ही पायांखाली करवंट्या ठेव.

म्हापशेकार:
आमच्या ओहोळात फ्रीज पडलाय. दार उघडं, आत पावसाचं पाणी आणि बेडूक. चालेल का हा विषय, का पंचायतीला फोन करू?

एफ_एट:
आधी फोटो काढ, मग फोन.

रोलवाला:
माझं ऐकशील तर ही एकच बार्ज धर आणि वर्षभर तिथेच जा. का ते सांगतो. २००० च्या जूनमध्ये कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला रिव्हर प्रिन्सेस लागली, ओर वाहणारं अजस्र जहाज, आणि ती हटायला २०१२ उजाडलं. बारा वर्षं! मी तेव्हा पर्वरीला, स्कूटर काढली की अर्ध्या तासात किनाऱ्यावर. पण रोलचे दिवस, छत्तीस फोटो, धुवायचे पैसे वेगळे, म्हणून जपून जपून फक्त सूर्यास्त काढायचो. आता डबा उघडला की एकच फोटो चाळीस वेळा, काळं जहाज आणि मागे नारिंगी आकाश. ती रेतीत रुतत गेली, किनारा खचतोय म्हणून गावात ओरड झाली, पत्रा गळून गळून एका बाजूने आरपार दिसायला लागलं, शेवटी कापून नेली, ह्यातलं एक चित्र माझ्याकडे नाही. जहाज तिथेच असणार, उद्या काढू, असंच वाटायचं.

जर्मनीतल्या बेखर ह्या फोटोग्राफर नवरा-बायकोचं काम बघून घे. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे असं सगळं ढगाळ दिवशी, सरळ समोरून, वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने काढलं. ते झाडंझुडपं टाळायचे, तुला झाडंच हवीत, पण तो सरळपणा उचलण्यासारखा आहे. काठावर एक दगड नक्की कर, त्याच दगडावर उभा राहा, तीच लेन्स, तीच उंची. खारफुटी वर्षात किती चढली ते दिसेल.

बार्जवाल्याचो_पूत:
सगळेजण बेवारशी असल्यासारखं बोलताय ते वाचून जरा लागलं. भांडत नाही, सांगतो फक्त. माझा बाबा बावीस वर्षं बार्जवर, खलाशी म्हणून चढला, सारंग (बार्ज चालवणारा) होऊन उतरला. २०१२ ला खाणी बंद, मग मध्ये थोड्या चालू, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लिझं रद्द केली आणि १५ मार्चनंतर परत सामसूम. बार्ज कोणी टाकून देत नाही रे, बांधून ठेवतात, सहा महिन्यांत काम चालू होईल म्हणून, ते सहा महिने संपत नाहीत आणि बांधल्या जागी ती सडते. तुझ्यावालीपण कोणाच्या तरी नावावर असणार. वर चढू नको. एक तर दुसऱ्याची वस्तू, आणि डेकचा पत्रा वरून जाड दिसला तरी खालून पापड झालेला असतो, होल्डमध्ये (खालच्या माल भरायच्या पोकळीत) पडलास तर हाक ऐकायला तिथे आहे कोण.

काढायचंच असेल तर तिच्या नाकाजवळ आणि मागे रंगवलेले आकडे काढ. पाण्यात किती बसलीय ते त्यावरून कळतं, बाबा नुसते आकडे बघून आत किती टन आहे ते सांगायचा. कडेला लटकवलेले टायर काढ. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादला रेतीचा बांध धोक्याचा, तेव्हा ह्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत काढायच्या आणि तिथून मुरगाव बंदरात. अरुंद कालवा, दोन्ही बाजूंना खारफुटी, म्हणजे झाडांशी ओळख तिची तेव्हापासूनची.

आणि हो, त्या कालव्यात मगरी आहेत. बोरीला पौष अमावस्येला चिखलाची मगर करून पूजतात, मान्नगे थापणी म्हणतात, ते काय उगाच नाही. चिखलात ओंडका दिसला तर दोनदा बघून मग पाय टाक.

साळावली_काठ:
वरच्या भावाचं अगदी पटलं. माझ्या आईचं माहेर कुर्डी. साळावली धरणात गाव गेलं, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की मेमध्ये वर येतं, घरांची जोती, तुळशीवृंदावनं, विहिरी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या घराचं काय उरलंय ते. फोटोवाले गाड्या घेऊन येतात, भेगाळलेल्या जमिनीचे फोटो काढतात आणि खाली लिहितात, भुताचा गाव. त्याच मेमध्ये सोमेश्वराच्या देवळात उत्सव असतो, जुनी माणसं लांबून लांबून येतात, आपापल्या जोत्यावर जाऊन उभी राहतात. आई दरवर्षी मला दाखवते, ही आमची रांदचीकूड (स्वयंपाकघर), इथे चूल, इथे न्हाणी. एका वर्षी एका कॅमेरेवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं, फ्रेममध्ये माणूस येतोय म्हणून. ती झाली पण बाजूला.

गंजलेला_नट:
ताई, काय बोलू. मीपण तेच केलं असतं बहुतेक, पुढे पागीची (मासे पकडणाऱ्याची) होडी आली की ती जाईपर्यंत थांबायचो. बार्जवाल्या दादा, तुम्हाला मेसेज टाकलाय.

पाती_वल्हें:
सगळं सांगितलंत पण वेळ कशी काढायची ते कोणीच नाही. अ‍ॅपबिप असू दे, घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर बघ. तिथीला पाऊणने गुण, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास घाल की सुकती, म्हणजे ओहोटी. अमावस्या-पुनवेला भरती अकरा-बाराच्या सुमाराला येते म्हणजे सुकती पाच-सहाला, सकाळीपण आणि संध्याकाळीपण, पाणी सगळ्यात खाली आणि उजेड कोवळा, अजून काय पाहिजे. नदीत आत गेलास तर तास-दीड तास उशीर धर. पावसात वरून लोंढा येतो तेव्हा तेवढं सुकतही नाही, आणि भरती लागली की गप मागे फीर, चिखलात अडकलास तर कॅमेरा आधी जाईल.

म्हापशेकार:
फ्रीज पंचायतीने नेला. बेडकाचं काय झालं माहीत नाही.

गंजलेला_नट:
जुलैची अमावस्या साधली. बार्जवाल्या दादांचे बाबा स्वतः आले, मीच घाबरत विचारलेलं, ते म्हणाले कधी निघायचं. होडीतून गेलो, पावणेसातला. दगडबिगड नक्की करायचं राहून गेलं कारण पाण्यावरूनच सगळं दिसत होतं, शटर १/२५० च्या खाली गेलो की हलत होतं म्हणून आयएसओ १६०० करावा लागला. नाकावरचे आकडे चिखलाने भरलेले, बाबांनी वल्ह्याने पाणी उडवून उडवून दोन-तीन उघडे केले, मला म्हणाले हे बघ, ह्याच्या वर पाणी आलं की भरली. मग काहीच बोलले नाहीत, पत्र्यावर हात ठेवून बसले. मी नऊ फोटो काढले. मोडलेल्या फांदीच्या शेजारून दुसरी फुटलीय, तीपण आलीय त्यात.

बायकोने बघितले. रेट विचारला नाही.

आता एकच, पावसात फिरून बॅगेला कुबट वास येतोय आणि किट लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक काहीतरी दिसतंय. तांदळाच्या डब्यात ठेवू का?

एफ_एट:
तांदूळ नको, पीठ उडतं आणि उपयोग नाही. बुरशी आहे ती. ती लेन्स बाकीच्यांपासून आजच वेगळी ठेव आणि साफ करायला दे, उरलेलं सामान हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून परत वापरायचं. तवा जुना घे, बायकोला विचारून.