भाऊजींच्या उरलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि सतरा वर्षांचा भाचा: घरच्यांनी काय करावे?

प्रश्न: मानेवाड्याचा मामा

गेल्या वर्षी उमरेड रस्त्यावर माझ्या भाऊजींचा अपघात झाला. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली, पुढे जंतुसंसर्ग वाढत गेला आणि कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहिल्यावर त्यांचे निधन झाले. त्या काळात त्यांना ट्रॅमाडॉलच्या गोळ्या चालू होत्या. ताईला रात्रपाळी असल्यामुळे रात्रीची गोळी काढून देण्याचे काम भाच्याकडेच होते. तो आता बारावीत आहे.

परवा ताईला त्याच्या कंपासपेटीत त्याच गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडली, शिवाय एक अर्धे भरलेले पाकीटही होते आणि त्याची फाटलेली कड चिकटपट्टीने नीट बंद केलेली होती. विचारल्यावर "झोप लागत नाही म्हणून घेतो" एवढेच तो म्हणाला. थोरल्या काकांचे म्हणणे असे की चार दिवस खोलीत कोंडले की खोड मोडेल, नाहीतर सरळ व्यसनमुक्ती केंद्रात टाकावे. ताईला वाटते की तेरवीला आलेले नातेवाईक अजून विसरले नाहीत, त्यात ही बातमी नको. दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. पण नेमके काय करावे हेही कळत नाही.

उत्तर १: मनोविकार विभागातील समाजसेविका

दादा, पहिली गोष्ट तातडीची आहे. रोज घेतली जाणारी ट्रॅमाडॉलची गोळी एकाएकी बंद केल्यास अंगदुखी, जुलाब, नाक वाहणे, घालमेल आणि निद्रानाश असा त्रास सुरू होऊ शकतो, आणि उलट बाजूने, जास्त मात्रेत याच गोळीमुळे झटकेही येऊ शकतात. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. म्हणून खोलीत कोंडणे हा उपाय धोक्याचा आहे. तो किती गोळ्या घेतो आणि कधीपासून, हे मनोविकारतज्ज्ञांना सांगून मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक त्यांच्याकडूनच घ्यावे.

आता त्याच्या झोपेविषयी. आपण लिहिले आहे की रात्रीची गोळी तोच देत असे. म्हणजे अर्ध्या रात्री वडिलांचे कण्हणे ऐकून उठायचे, पाणी आणि गोळी द्यायची, मग कण्हणे थांबेपर्यंत अंधारात बसून राहायचे, हे सारे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने एकट्याने केले. घर कशाने शांत होते हे त्याने जवळून पाहिले आहे, आणि आता वडील नसताना ती रात्रीची वेळ मात्र रोज येते. त्यामुळे "गोळ्या का घेतोस?" यापेक्षा "तू एकटा असायचास, तेव्हा रात्री काय काय व्हायचे?" हा प्रश्न आधी यायला हवा. तोही लगेच उत्तराची अपेक्षा न ठेवता, त्याने गोळी घेतलेली नसताना आणि घरात पाहुणे नसताना.

बालपणातील आघात आणि पुढील व्यसने यांचा संबंध अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासापासून वारंवार दिसून आला आहे. मात्र हा संबंध म्हणजे भाकीत नव्हे. आघात सोसलेली बहुसंख्य मुले व्यसनाकडे वळत नाहीत. फरक पडतो तो बहुधा एखाद्या तरी मोठ्या माणसाचा भरवशाचा आधार असण्याने, आणि इथे तर ताई स्वतःच दुःखात आहेत. म्हणून समुपदेशन दोघांचेही व्हावे. केवळ मुलाला "सुधारायला" पाठवून घर जसेच्या तसे राहिले तर उपचार अर्धवट राहतो.

उत्तर २: गांधीबागचा औषधविक्रेता

वरील सल्ल्याशी सहमत आहे. औषधांपुरती भर घालतो. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले असून ते एच-वन अनुसूचीतही आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. तरीही काही दुकानांतून ते मिळते, हे आमच्याच व्यवसायाचे लाजिरवाणे सत्य आहे. घरातला साठा संपल्यावरही भाच्याकडे पाकिटे दिसत राहिली, तर ती कुठून येतात हे अवश्य शोधा.

सध्या उरलेल्या गोळ्या मोजून ताईंनी कुलपात ठेवाव्यात. डॉक्टरांना भेटण्यापूर्वी फेकू नयेत. पुढे ज्या नको असतील त्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात आणि पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाकाव्यात.

उत्तर ३: आईची शुश्रूषा केलेली मुलगी

एक विनंती आहे. या प्रसंगावरून घरात वेदनाशामकांचीच धास्ती बसू देऊ नका. माझ्या आईला कर्करोगात मॉर्फिन मिळाले म्हणूनच तिचे शेवटचे महिने सुसह्य झाले. २०१४ साली अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली तीच मुळी अशा रुग्णांना ही औषधे सुलभपणे मिळावीत म्हणून. भाऊजींना गोळ्या दिल्या यात ताईंचे किंवा मुलाचे काही चुकले नाही, हे कोणीतरी त्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

मानेवाड्याचा मामा

सर्वांचे आभार. काल रात्री त्याच्याकडे झोपायला गेलो होतो. फारसे बोलणे झाले नाही. मात्र दोनच्या सुमारास तो जागा होता आणि मी उठल्याचे पाहून त्याने स्वतःच चहा टाकला. रुग्णालयात नेल्यास पोलिसांचे प्रकरण होईल का, आणि काकांना कसे समजवावे, एवढे सांगावे.

मनोविकार विभागातील समाजसेविका

उपचारासाठी जाणे हा गुन्हा नाही. उलट स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवन किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याबद्दलच्या खटल्यापासून अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ संरक्षण देते. नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात जाता येईल. भाऊजींच्या जुन्या चिठ्ठ्या आणि उरलेली पाकिटे सोबत न्यावीत. त्याआधी फोनवर बोलायचे असल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ किंवा व्यसनमुक्तीचा १४४४६ हा क्रमांक आहे.

केंद्राचा विषय पुन्हा निघाला, तर काकांना हे सांगा: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला एकांतात कोंडणे किंवा साखळीने बांधणे निषिद्ध आहे आणि अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते. कोणत्याही केंद्रात पहिला प्रश्न हाच विचारावा. काकांना चर्चेतून वगळू मात्र नका. ताईंची रात्रपाळी असेल त्या दिवशी रात्रीचे जेवण भाच्याबरोबर घेण्याचे काम त्यांच्याकडे द्या. गोळ्यांचा विषय त्यांनी त्या वेळी काढायचा नाही, एवढी अट आधीच ठरवून घ्या.