मदत हवी आहे: मामेभावाच्या ट्रॉलरसाठी रडार

मंडळी, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मकरपुरा जीआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, एवढ्यावरच मिरकरवाड्याच्या (रत्नागिरीचं मासेमारी बंदर) मामेभावाने रडार निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. (आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, ट्रॉलर नाहीत!)

दुकानदार 36 मैलांच्या रेंजचं कौतुक सांगतोय. पण अँटेना पाण्यापासून 4 मीटरवर बसली तर रडारचं क्षितिजच साडेचार सागरी मैलांच्या आसपास. उंच जहाज त्यापलीकडूनही दिसेल, लाकडी होडी नाही. मग जादा रेंजचे पैसे कशाला? त्यापेक्षा बीम (रडारच्या लहरींचा झोत) अरुंद हवा असं मला वाटतं. 18 इंची डोमचा (गोल कवचातल्या अँटेनाचा) साधारण 5 अंश, 24 इंचीचा 4. शेजारशेजारच्या दोन होड्या एकच ठिपका दिसायला नकोत.

मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणाऱ्या नळीचं, जुन्या पद्धतीचं रडार) घ्यावं की सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवालं)? पावसाच्या सरीत कुणाचा काय अनुभव? केबिनच्या छपरावर लावलं तर मागचा मास्ट आडवा येतो, शिवाय खलाशांची डोकी बीमच्या पातळीत. खांब उभारला तर हादऱ्यांचं काय? बॅटरी 24 व्होल्टची, खाली इंजिनाजवळ. एवढ्या लांब केबलला किती जाडीची तार घेता? परवान्याचे कागद कोण करतं, विक्रेता की मालक?