गुरुवारच्या वजनात ३०० ग्रॅम वाढ: खाणं आणखी कमी करावं का?

नोंदवही:
नमस्कार. बारा आठवड्यांच्या वजन कमी करण्याच्या कार्यक्रमाचे तीन आठवडे झाले. रोज साधारण ५०० कॅलरींची तूट ठेवायची आहे. पहिल्या आठवड्यात १.८ किलो उतरलं. त्यानंतरच्या सकाळच्या नोंदी, सोमवार ते रविवार:

दुसरा आठवडा: ७९.३, ७९.०, ७९.४, ७९.२, ७९.०, ७८.९, ७८.९
तिसरा आठवडा: ७८.४, ७८.१, ७८.६, ७९.५, ७९.१, ७८.५, ७८.०

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी वजनं उचलण्याचा व्यायाम नव्याने सुरू झाला आणि बुधवारी रात्रीचं जेवण बाहेर होतं. कार्यक्रमात गुरुवारचाच आकडा धरतात, त्यामुळे ३०० ग्रॅम वाढ लागली आहे. रोजच्या २०० कॅलरी आणखी कमी कराव्यात का? आणि काट्यावर रोज उभं राहावं की आठवड्यातून एकदाच?

तराजू:
कमी करू नका. तुमच्याच नोंदींची सरासरी काढून बघा: दुसरा आठवडा ७९.१, तिसरा ७८.६. म्हणजे आठवड्यात अर्धा किलो उतरलं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० या हिशेबाने आठवड्याला ४५० ग्रॅमच्या आसपास उतरायला हवं, आणि तेवढंच उतरलंय. कार्यक्रम अगदी ठरल्याप्रमाणे चाललाय, फक्त मोजायचा वार अडचणीचा निघाला.

मंगळवार ७८.१ आणि गुरुवार ७९.५, फरक १.४ किलो. एवढी चरबी दोन दिवसांत चढायला गरजेपेक्षा १०,००० हून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. ते शक्य नाही, हे पाणी आहे. मीठ जास्त झालं की शरीर ते पातळ ठेवण्यासाठी पाणी धरून ठेवतं, ९ ग्रॅम मिठामागे जवळपास एक लिटर. जास्तीचं मीठ बाहेर पडायला दोन-तीन दिवस लागतात, तुमच्या शुक्रवार-शनिवारच्या आकड्यांत तेच दिसतंय. शिवाय नव्या व्यायामाने स्नायू दुखतात तेव्हा त्यांना किंचित सूज असते, म्हणजे तिथेही पाणी आलं.

पहिल्या आठवड्यातल्या १.८ किलोंबद्दलही सांगायला हवं, कारण पुढची निराशा तिथूनच सुरू होते. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी. खाणं घटलं की हा साठा उतरतो, पाणीही जातं. त्या १.८ पैकी बराच भाग हाच होता. दर आठवड्याला तसाच आकडा दिसेल ही अपेक्षा सोडून द्या. एखाद्या दिवशी पोटभर जेवलात की तो साठा पुन्हा भरतो आणि काटा किलोभर वर जातो. त्याने आधीची मेहनत वाया जात नाही.

काटा रोज बघा, पण निर्णय सरासरीवर घ्या. आठवड्यातून एकदाच मोजायचं तर तो दिवस गुरुवारसारखा निघू शकतो. रोजच्या आकड्याने जीव टांगणीला लागत असेल, तर घरच्या कुणाला तरी आकडा लिहून ठेवायला सांगा आणि रविवारी फक्त सरासरी बघा.

फूटपट्टी:
तराजू यांच्याशी सहमत. मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, तितक्याच कपड्यांत. काटा कडक, सपाट फरशीवर हवा. गालिच्यावर पाय रुततात आणि आकडा चुकतो. जागेवरून हलवला असेल तर आधी पायाने दाबून सोडा, शून्य येऊ द्या, मगच वर उभे राहा.

बऱ्याच डिजिटल काट्यांना मागचा आकडा लक्षात ठेवायची खोड असते. लगेच दुसऱ्यांदा उभं राहिलं आणि फरक थोडाच असला, तर ते जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. म्हणून ‘तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं’ याला अर्थ नाही. मध्ये एकदा हातात पाण्याचा भरलेला कॅन घेऊन उभं राहा, मग पुन्हा रिकाम्या हाताने मोजा. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, वर कॅनचं स्वतःचं वजन. तेवढाच फरक दिसला तर काटा ठीक आहे. चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या काट्याचा तो आकडा मात्र सोडून द्या, अंगात पाणी किती आहे यावर तो हलतो.

सोबत टेप ठेवा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतू द्यायची नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

मोजका_घास:
मासिक पाळी येत असेल तर आणखी एक गोष्ट. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी धरतं, काहींना किलो-दीड किलोपर्यंत. त्या आठवड्याची सरासरी मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा, गेल्या आठवड्याशी नको.

वजन खरंच थांबलंय असं चार आठवड्यांच्या सरासरीशिवाय ठरवू नका. तसं ठरलंच, तर ताटातलं कमी करण्याआधी वही तपासा. बहुतेक वेळा पाणी मुरतं ते तेलात. फोडणीला तेल अंदाजपंचे पडतं आणि वहीत ‘तीन चमचे’ लिहिलं जातं. रविवारी तेलाची बाटली तोला, पुढच्या रविवारी पुन्हा तोला. चार माणसांत आठवड्याला ८४० ग्रॅम संपलं, तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी. ५ मिलीचे तीन चमचे १२५ च्या आसपास होतात. रोजच्या तुटीतल्या जवळपास १४५ कॅलरी इथेच गेल्या.

दुसरी चूक कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम कोरड्या धान्यात साधारण ३५० कॅलरी, शिजवल्यावर पाणी शोषल्यामुळे १०० ग्रॅममध्ये १३० च्या जवळपास. ६० ग्रॅम कोरडं तोलून शिजलेल्याचा दर लावला, तर २१० च्या जागी ७८ नोंदल्या जातात.

तिसरी शनिवार-रविवारची. पाच दिवस ५०० प्रमाणे २,५०० साठवायच्या आणि दोन दिवस ये रे माझ्या मागल्या करत रोज १,००० जास्त खायच्या. आठवड्याची तूट उरते ५००, म्हणजे ६५ ग्रॅम चरबी. काट्यावर ती दिसणारही नाही.

हे सगळं चोख असेल तर कारण साधं आहे: वजन किलोने घटलं की रोजची गरजही २० ते २५ कॅलरींनी घटते. आठ किलो उतरल्यावर ५०० ची तूट सव्वातीनशेच्या आसपास येते. तेव्हा १०० ते १५० कॅलरी कमी करा किंवा रोजची २,००० पावलं वाढवा. दोन्ही एकदम नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

नोंदवही:
सगळ्यांचे मनापासून आभार. ५०० तसंच ठेवते आणि कार्यक्रमात सरासरी धरायला सांगते. एक विचारायचं राहिलं: घरात मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या कुणी हाच आराखडा घेतला तर चालेल का?

तराजू:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही, आणि विचारायचं ते सुरू करण्याआधी. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी) गोळी चालू असेल, तर खाणं घटल्यावर तोच डोस जास्त होतो आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. थरथर, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. साखर मोजायच्या मीटरवर ७० (mg/dL) च्या खाली दिसलं तर शुद्धीवर असताना १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खालीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, वजन उतरताना दाब उतरतो. उभं राहताना चक्कर येऊ लागली तर डोस तपासून घ्यायची वेळ झाली समजा. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.