रूळ टाकतानाच पदपथ आणि गटार करून घ्या

रत्नागिरी स्टेशन ते शहर हलकी रेल्वे, म्हणजे रस्त्यावरच्या रुळांवरून धावणारी ट्राम, सुरू करा अशी मागणी एका लेखात केलीय; ती आली की लोक आपोआप पायी चालू लागतील, असं त्यात लिहिलंय. स्टेशन कुवारबावला, गाव दूर, रिक्षाशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळे मागणी रास्तच आहे. पण चालणं आपोआप वाढत नाही. लेखात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहराचा दाखला दिलाय; तिथे १९९४ साली ट्राम सुरू झाली ती नुसते रूळ टाकून नव्हे. भर चौकातली मोटारींची वर्दळ हटवली आणि रस्ता चालणाऱ्यांच्या सोयीने नव्याने बांधला.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. जुलैत कुठल्याही तालुक्याच्या गावात रस्त्याच्या कडेने चालून बघा. गटारावरची एखादी लादी गायब असते आणि वरून तांबडं पाणी वाहत असल्याने भोक दिसतच नाही. वाऱ्याने छत्री उलटली की म्हातारं माणूस सावरायला डांबरावर येतं, नेमका तेव्हाच मागून डंपर. अशा रस्त्याने थांब्यापर्यंत कोण जाणार?

रुळांखालच्या पाण्याच्या लाइनी, केबली तशाही हलवाव्या लागतात, म्हणजे रस्ता एकदा खणला जाणारच. मग बंदिस्त गटार, सलग पदपथ आणि थांब्याजवळ छप्पर हे त्याच निविदेत घाला. नंतर करू म्हटलेलं काम राहतंच, हे आपण मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात पाहिलंय. आणि काम चालू असताना पावसाळ्यात दुकानांसमोरून पायवाट उघडी ठेवायची अटही करारात हवीच.