कॅन्सरमधली विषमता: नव्या संशोधकाचं पहिलं वर्ष गावात की आकड्यांत?

नोंदवही: कॅन्सरचं निदान आणि उपचार गरिबाला, खेड्यातल्या माणसाला उशिरा का मिळतात, यावर काम करू पाहणाऱ्या मुलांना मार्गदर्शक लगेच फील्डवर धाडतात. माझ्या मते पहिलं वर्ष कॅन्सर नोंदणीच्या, म्हणजे एका भागातल्या सगळ्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या यादीच्या, तयार माहितीवर घालवावं. फेलोशिप तीन वर्षांची धरली, तर फील्डच्या कामात एथिक्स कमिटीची (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) मान्यता, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी, फॉर्मची चाचणी यातच वर्ष सरतं. तेवढ्या वेळात नोंदणीच्या आकड्यांवर एक पेपर होतो आणि डेटा साफ करायला हात बसतो. एकच बाई माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोनदा नोंदली गेलीय, हे ओळखायला तिथेच शिकतात.

बांधावरून: अजिबात पटत नाही. नोंदणीत वय, पत्ता, अवयव, निदानाची तारीख मिळते. सोबत यायला कोण होतं, एसटीचं भाडं कुठून आलं, याला रकानाच नाही, आणि विषमता तिथेच आहे. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ साली सुरू झाली, तेव्हा कर्मचारी बार्शी, परांडा, भूम तालुक्यांत गावोगाव फिरले, म्हणून ते आकडे उभे राहिले.

शिवाय "उशीर का झाला?" विचारलं की "वेळ नव्हता" एवढंच येतं. "गाठ हाताला लागली ती पोळ्याच्या आधी की दिवाळीनंतर?" असं विचारलं की महिने लागत जातात. "श्वेतप्रदर" म्हटलं तर बाई गप्प, "अंगावरून पांढरं जातं का?" म्हटलं की बोलते. हे ऑफिसात बसून कसं येणार?

सांख्यिकीवाला: शिकायला जरूर जावं, पण एकट्याने सर्वेक्षण अंगावर घेऊ नये. हिशोब बघा. साध्या नमुन्याला ४०० स्त्रिया पुरतात समजा. पण एका गावातल्या बायकांची उत्तरं एकमेकींशी जुळतात. गावागणिक ५० घेतल्या आणि हे साम्य (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) फक्त ०.०२ धरलं, तरी नमुना १ + ४९ × ०.०२ = १.९८ पट, म्हणजे ७९२ लागतात. गावागणिक २० घेतल्या तर १.३८ पट, ५५२ मध्ये भागतं, पण गावं वाढतात. हे सुरुवातीला नजरेतून सुटलं तर तिसऱ्या वर्षी समीक्षक पेपर परत पाठवतो, आणि तोवर गाडीभाड्याचे पैसे संपलेले असतात. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या गर्भाशयमुख कॅन्सर तपासणीच्या मोठ्या अभ्यासात १,३१,७४६ स्त्रिया ५२ गावसमूहांत होत्या. ते संस्थेचं काम, एका विद्यार्थ्याचं नव्हे.

नोंदवही: म्हणूनच म्हणतो, आधी आकडे. फार तर सुरुवातीचे दोन आठवडे गावात, नुसतं ऐकायला.

बांधावरून: दोन आठवडे चालतील, पण मार्गदर्शकांत फील्डचं माणूस हवंच.

सांख्यिकीवाला: मग पहिल्याच आठवड्यात एका पानावर लिहून सह्या घ्या: पहिला लेखक कोण, मसुदा किती दिवसांत वाचून मिळणार, मार्गदर्शकांचं जमलं नाही तर अखेरचा शब्द कोणाचा. एरवी दोघांच्या वादात मुलांचे महिने जातात.

बांधावरून: त्याच पानावर हेही लिहा: फॉर्मचे शब्द जिने सुचवले, मसुदा वाचून दुरुस्त केला आणि जबाबदारीसह मान्य केला, त्या समाजसेविकेचं नाव आभारात नाही, लेखकांत.